माझाच पेपर मी गावाला देऊ शकत नाही का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी एका राज्य विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. केली. आमच्या सरांना डीएसटीचा, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा, प्रकल्प मिळाला होता. माझी फेलोशिप, केमिकल्स, गाडीचं डिझेल, सगळं त्यातूनच निघालं. विषय होता विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. नमुने घ्यायला गावोगाव गेले तेव्हा लोकांनी हातातलं काम टाकून विहिरी दाखवल्या, नावं लिहून दिली. गेल्या वर्षी आमचा पेपर एका परदेशी जर्नलमध्ये आला. सध्या मी विनाअनुदानित कॉलेजात शिकवते.

मागच्या महिन्यात एका ग्रामपंचायत सदस्यांचा फोन आला. "मॅडम, आमच्या विहिरींचं काय निघालं?" मी हौसेने पेपरची लिंक पाठवली. त्यांनी स्क्रीनशॉट परत पाठवला. वर इंग्रजी सारांश, खाली ४० डॉलर भरा. माझ्या कॉलेजातून मलाही तो उघडत नाही, कारण संस्थांसाठी जर्नल्सची वर्गणी सरकारने एकत्र भरायची जी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे, तिच्यात आमचं कॉलेज नाही. सर म्हणतात, "कॉपीराइट दिलाय, पीडीएफ वाटत बसू नकोस, नसती भानगड होईल." जर्नलला विचारलं तर ओपन ॲक्सेस, म्हणजे सगळ्यांना फुकट खुला, करून द्यायचे ३,५०० डॉलर मागतात. मित्र म्हणतो, साय-हब या परवानगीविना पेपर फुकट देणाऱ्या साइटवरून काढ आणि दे. पैसा सरकारचा, पाणी गावाचं, मेहनत माझी, आणि कुलूप भलत्याचंच. मी काय करू? आणि सरकारने यात काहीच करायचं नाही का?

– एक सहायक प्राध्यापिका

उत्तर

गावाला उत्तर द्यायला तुम्हाला कोणाचीही परवानगी लागत नाही, तेव्हा ते काम पेपरच्या भानगडीत अडकवून ठेवू नका. कॉपीराइट लेखनाला असतो: वाक्यांना, आकृत्यांना, मांडणीला. अमक्या विहिरीत नायट्रेट इतकं निघालं, ही वस्तुस्थिती आहे आणि तिच्यावर कोणत्याच प्रकाशकाची मालकी चालत नाही. फॉर्मवर सही करून जर्नलला दिला तो पेपरचा मजकूर. तुमच्या फील्डबुकातले आकडे त्यात गेलेले नाहीत.

प्रत्येक गावासाठी मराठीत एक पान करा. विहिरीचा क्रमांक, नमुना कोणत्या महिन्यात घेतला, लिटरमागे किती मिलिग्रॅम नायट्रेट निघालं, आणि शेजारच्या रकान्यात ४५. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे २०१२ चं आयएस १०५००, लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालवून घेतं. दुसरा स्रोत नसला तरी या आकड्यात सवलत नाही. महिना लिहायला विसरू नका. पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा आकडा एकाच विहिरीत वेगळा येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण वाचणाऱ्याला ते ठाऊक नसतं. खाली दोन ओळी ठळक अक्षरांत टाका. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की लिटरमागचं प्रमाण वाढतं. आणि ६ महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवू नये. नमुने जुने झाले आहेत, तेव्हा नव्याने तपासणी करून घ्या, हेही स्पष्ट लिहा.

एक काळजी मात्र घ्या. कोणाची विहीर किती वाईट निघाली हे ग्रामसभेत नावानिशी वाचून दाखवू नका. ज्याची विहीर त्याला त्याचा आकडा, आणि सभेत गावाचं एकूण चित्र. नमुने घेताना लोकांनी नावं दिली ती तुमच्यावरच्या विश्वासाने; ती चारचौघांत जाहीर करायची तर पुन्हा विचारावं लागेल. आणि पेपरमधला आलेख कापून चिकटवू नका. त्याच आकड्यांचा नवा काढा, कितीसा वेळ लागतो?

आता पेपरकडे वळण्याआधी प्रबंधाचं. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही, याचं मला नवल वाटलं. पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात जमा करून सर्वांना वाचायला खुला ठेवायचा, हा यूजीसीचा नियम २००९ पासूनचा आहे आणि २०१६ च्या नियमावलीतही तो कायम राहिला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचं 'शोधगंगा' हे ऑनलाइन भांडार त्यासाठीच आहे आणि त्यात आज लाखो प्रबंध आहेत, फुकट, लॉगिनशिवाय. पेपरमध्ये जागेअभावी गाळलेली सगळी कोष्टकं प्रबंधाच्या परिशिष्टात असतात. म्हणजे ज्या माहितीवर जर्नलने ४० डॉलरची पाटी लावली आहे, तिच्याहून जास्त माहिती बहुधा आधीच उघड्यावर पडलेली आहे. आपलं नाव टाकून शोधा. सापडला नाही तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधगंगेचे समन्वयक असतात, त्यांना मेल करा. पुष्कळदा दुसरं काही कारण नसतं, सीडी कपाटात पडून असते. सापडला की लिंक ग्रामपंचायतीला, तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या भूजल कार्यालयाला एकाच दिवशी पाठवून द्या.

पेपरचंही अगदीच अडलेलं नाही. सर म्हणतात त्यातलं निम्मं खरं आहे. जर्नलच्या मांडणीतली, त्यांच्या लोगोची, पानांचे आकडे टाकलेली पीडीएफ वेबसाइटवर टाकू नका, ती त्यांची. पण परीक्षकांच्या शंका दूर करून तुम्ही शेवटची पाठवलेली आणि संपादकांनी स्वीकारलेली जी वर्डची फाइल आहे, तिला स्वीकृत हस्तलिखित म्हणतात, आणि बहुतेक मोठे प्रकाशक ती संस्थेच्या भांडारात ठेवायला परवानगी देतात. काही लगेच, बरेचसे ६ ते २४ महिन्यांच्या एम्बार्गोनंतर, म्हणजे तेवढी मुदत थांबल्यावर. तुमच्या जर्नलचा नियम काय, हे 'ओपन पॉलिसी फाइंडर' या वेबसाइटवर जर्नलचं नाव टाकलं की कळतं. पूर्वी याच सेवेला शेर्पा रोमिओ म्हणायचे. पेपर येऊन वर्ष होत आलं, तेव्हा एम्बार्गो संपलाही असेल.

फाइल शोधणं हेच खरं जिकिरीचं. 'फायनल', 'फायनल रिव्हाइज्ड', 'फायनल रिव्हाइज्ड सर करेक्शन' अशा चार फाइलींपैकी कोणती स्वीकारली गेली, हे वर्षभराने कोणालाच आठवत नाही. स्वीकृतीच्या मेलची तारीख बघा आणि जर्नलच्या सबमिशन सिस्टीममध्ये लॉगिन करून त्याआधीची शेवटची आवृत्ती उतरवून घ्या. पहिल्या पानावर पेपरचा पूर्ण संदर्भ आणि डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, लिहा. विद्यापीठाचं भांडार चालू असेल तर तिथे, नाहीतर झेनोडोवर. झेनोडो ही युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेची फुकट सेवा आहे. तिथे तुमच्या मोजमापांची एक्सेल शीटही ठेवता येईल आणि तिला स्वतंत्र डीओआय मिळेल. शीटमधून मालकांची नावं काढा आणि विहिरींचे अक्षांश-रेखांश इतके ढोबळ करा की घर ओळखता येणार नाही.

सरांना डावलून यातलं काहीच करू नका. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करणारे कदाचित तेच असतील, आणि उद्या शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच हवं आहे. वाद घालू नका, प्रकाशकाच्या नियमाचं पान मेलला जोडा आणि लिहा: "सर, जर्नलच्या धोरणानुसार स्वीकृत हस्तलिखित भांडारात ठेवता येतं. डीएसटीच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे ते आपल्याकडून अपेक्षितही आहे. आपली हरकत नसेल तर या आठवड्यात जमा करते." दुसऱ्या वाक्यावर सर थबकतील. त्या धोरणाकडे येतोच.

३,५०० डॉलर भरू नका. ज्या जर्नलला ग्रंथालयं वर्गणी भरतात, त्याच जर्नलला एक पेपर उघडा करायला लेखकाने वेगळे पैसे मोजायचे, हा एकाच मालाचे दोनदा पैसे घेण्याचा प्रकार आहे. आणि याला वरची मर्यादा नाही: 'नेचर'ने हा पर्याय २०२१ पासून दिला तेव्हा दर एका पेपरला ९,५०० युरो होता. स्वस्तात ओपन ॲक्सेस करून देतो म्हणणारे मेल तुम्हाला रोज येत असतील. त्यांच्याकडे बघूही नका.

साय-हबबद्दल मित्राला एवढंच सांगा की एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटीने डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध दावा लावला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. लोक तिथे का जातात हे मला पुरतं समजतं. पण ग्रामपंचायतीच्या दप्तराला तो दुवा जोडता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत त्याची गरजही नाही.

आता सरकारचं. तुमचं पत्र छापायला निवडलं ते मुख्यतः या शेवटच्या प्रश्नासाठी.

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला नावं ठेवायची आज फॅशन आहे, मी त्यात पडणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला ती मंजूर केली. २०२५ ते २०२७ या ३ वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. ज्या सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयात काल एकही आंतरराष्ट्रीय जर्नल नव्हतं, तिथल्या मुलीला आज आयआयटीतल्या मुलाइतकंच वाचायला मिळतं. ही लहान गोष्ट नाही. पूर्वी प्रत्येक संस्था वेगळी घासाघीस करायची, ती आता एकाच टेबलावर होते, हेही बरंच.

पण हे भाड्याने घेतलेलं वाचन आहे, आणि भाडेकरारात कोणाची नावं आहेत ते बघा. सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. तुमचं कॉलेज नाही. खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टर नाही, जिल्ह्याचा बातमीदार नाही, निवृत्त प्राध्यापक नाही, पंचायत सदस्य तर नाहीच. आणि तुम्ही करदात्यांच्या पैशावर लिहिलेला पेपर? त्याची किल्ली होती तिथेच राहिली. फक्त आत जाणाऱ्यांची यादी लांबली. सरकार आधी संशोधनाचा खर्च करतं, मग त्याच संशोधनाचे पेपर वाचण्यासाठी पुन्हा पैसे भरतं. २०२७ नंतर काय, तर पुन्हा वाटाघाटी.

गंमत अशी की मूळ कल्पना एवढी आखूड नव्हती. डिसेंबर २०२० अखेरीस पाचव्या विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोन्मेष धोरणाचा जो मसुदा आला, त्यात जर्नल्स भारतातल्या प्रत्येक माणसाला खुली व्हावीत असं म्हटलं होतं. त्याच मसुद्यात दुसरी गोष्टही होती: सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचं स्वीकृत हस्तलिखित, स्वीकृती मिळताक्षणी, सार्वजनिक भांडारात. पहिली गोष्ट आक्रसून योजना झाली. दुसरी कागदावरच राहिली. माझ्या मते दुसरीच महत्त्वाची होती, कारण तिला प्रकाशकांशी वाटाघाट लागत नाही, ६,००० कोटीही लागत नाहीत. सर्व्हर लागतो आणि ग्रंथालयात एक जबाबदार माणूस.

आणि ही दुसरी गोष्ट नवीनही नाही. डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) आणि डीएसटी या केंद्राच्या दोन खात्यांचं संयुक्त ओपन ॲक्सेस धोरण डिसेंबर २०१४ चं आहे. त्यांच्या पैशातून झालेल्या कामाचा पेपर स्वीकारला गेला की दोन आठवड्यांत हस्तलिखित भांडारात जमा करायचं, असं त्यात लिहिलंय. तुमचा प्रकल्प डीएसटीचाच. कृषी संशोधनाच्या आयसीएआरने तर त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्येच, असं धोरण केलं. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेने २००२ मध्ये स्वतःचं भांडार सुरू केलं, तेही कोणी सांगितलं नसताना. नियम आहेत, जागा आहेत. हस्तलिखित जमा केलं नाही म्हणून कोणाच्या प्रकल्पाचा हप्ता थांबल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही. विचारणारं कोणी नसलं की धोरण शोभेला उरतं.

अमेरिकेत नेमकं हेच झालं होतं. वैद्यकीय संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या तिथल्या एनआयएच या संस्थेने २००५ मध्ये संशोधकांना विनंती केली की पेपर आमच्या 'पबमेड सेंट्रल' या भांडारात जमा करा. फार थोड्यांनी केले. संसदेने कायद्यात ओळ घातली आणि एप्रिल २००८ पासून ते बंधनकारक झालं, १२ महिन्यांच्या आत. तरी काही जण चुकवत राहिले. मग २०१३ पासून एनआयएचने सांगितलं, पेपर जमा नसेल तर पुढच्या वर्षीचं अनुदान अडकेल. तेव्हा कुठे सगळे सुतासारखे सरळ झाले. आता १ जुलै २०२५ पासून १२ महिन्यांची सवलतही गेली. छापून आला त्या दिवशी खुला. बेल्जियमच्या लिएज विद्यापीठाने याहून साधी युक्ती केली. बढतीच्या वेळी जे पेपर विद्यापीठाच्या भांडारात आहेत तेवढेच मोजणार, बाकीचे लिहिले नाहीत असं समजणार. कोणाला दंड नाही, नोटीस नाही. भांडार भरलं.

आपल्याकडे असा चाप तयारच आहे. त्याचं नाव यूसी. प्रकल्प केलेल्या प्रत्येकाला मार्चअखेरची ती धावपळ माहीत आहे: युटिलायझेशन सर्टिफिकेटवर सह्या गोळा करा, लेखा विभागाच्या दारात उभे राहा, एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही, म्हणून ते जातंच. त्या वार्षिक कागदांत एक तक्ता वाढवायचा: पेपरचं नाव, स्वीकृतीची तारीख, भांडारातली लिंक. लिंकचा रकाना रिकामा असेल तर हप्ता थांबेल. माझी सरकारकडे मागणी विचाराल तर एवढीच आहे. नवा कायदा नको, मिशन नको, उद्घाटन तर नकोच.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो विद्वानांकडूनच येतो. गावच्या माणसाला पेपर वाचून काय कळणार? त्यांना लायबेरियाचं उदाहरण द्यावं. २०१४ मध्ये तिथे इबोलाची साथ पसरली; पश्चिम आफ्रिकेत मिळून ११,००० हून अधिक माणसं गेली. हा आजार आपल्या देशात असेल असं तिथल्या अधिकाऱ्यांना वाटलंच नव्हतं. पुढच्या वर्षी लायबेरियाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुख वैद्यकीय अधिकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं की १९८२ साली युरोपातल्या एका जर्नलमध्ये लायबेरियन लोकांच्या रक्तनमुन्यांवरचा पेपर आला होता आणि लायबेरिया इबोलाच्या पट्ट्यात धरावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. अशा पेपरांपैकी एक उतरवून घ्यायला तिथल्या डॉक्टरला ४५ डॉलर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार, मोजावा लागला असता.

हे उदाहरण सांगताना लोक थोडी मखलाशी करतात. त्या अधिकाऱ्यांनी दोष फक्त ४५ डॉलरला दिला नव्हता. लेखकांत एकही लायबेरियन नव्हता, नमुने नेणाऱ्यांनी तिथल्या कोणाला तयार केलं नाही, निष्कर्ष परत येऊन कोणी सांगितले नाहीत, हेही त्यांनी लिहिलं होतं. कुलूप काढणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून मी तुम्हाला आधी मराठीतलं एक पान करायला सांगितलं. उद्या डीएसटीने सगळे पेपर उघडे केले तरी ते इंग्रजीतच असतील. अंतिम अहवालाबरोबर राज्याच्या भाषेत दोन पानांचा गोषवारा जोडायचा, असा नियम झाला तर मला आवडेल. पण ही मागणी मी दुसऱ्या नंबरवर ठेवीन, कारण सक्तीने लिहून घेतलेला गोषवारा कसा असतो ते आपण शासकीय मराठीत रोज वाचतो.

दुसरा आक्षेप, खुलं केलं तर जर्नल्स बुडतील. ब्राझीलमध्ये १९९८ पासून सायेलो नावाचं व्यासपीठ सार्वजनिक पैशावर चाललंय आणि लॅटिन अमेरिकेतली शेकडो जर्नल्स त्यावर खुली आहेत. लांब कशाला, आपल्या बंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नल्स कितीतरी वर्षं फुकट वाचता येतात. ती बुडालेली नाहीत.

तुम्ही स्वतः काय करू शकता, तर प्रश्न विचारू शकता. डीएसटीकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांत होतो. २०१४ चं धोरण आल्यापासून आपल्या अनुदानातून किती पेपर प्रकाशित झाल्याची नोंद आहे, त्यांपैकी किती भांडारात जमा झाले, न जमा केलेल्यांवर काय कारवाई झाली, वर्षनिहाय द्या. उत्तर 'माहिती संकलित केलेली नाही' असं आलं, तरी तेच तुमचं उत्तर. ते घेऊन आपल्या खासदाराकडे जा आणि लोकसभेत लेखी प्रश्न टाकायला सांगा. खासदारांना असा नेमका, आकड्यांत उत्तर येईल असा प्रश्न आयता मिळाला तर बरं वाटतं.

ग्रामपंचायत सदस्यांनाही सांगून ठेवा की प्रकल्पाचा पूर्णता अहवाल डीएसटीकडे जातो आणि तो माहिती अधिकारात मागता येतो. कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत अहवाल आणि पेपर दोन्ही आहेत. कलम ९ खाली नकार देता येतो तो कॉपीराइट सरकारबाहेरच्या कोणाचा असेल तेव्हा. प्रकल्पाचा अहवाल प्रकाशकाच्या मालकीचा नसतो, त्यामुळे ते आड येऊ नये. पेटंटच्या वाटेवर असलेलं काम कलम ८(१)(घ) खाली अडवता येतं. विहिरीच्या पाण्यात पेटंट कसलं?

राहता राहिला तुमचा पुढचा पेपर. पाठवण्याआधी जर्नलचं हस्तलिखिताविषयीचं धोरण बघा. जे जर्नल काहीच ठेवू देत नाही ते यादीतून काढा, बाकी कितीही मोठं असो. पाठवताना प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीची प्रत, ऑनलाइन टाकून ठेवा. फॉर्म आला की सही करण्याआधी विचारा, पूर्ण हस्तांतराऐवजी नुसता प्रकाशनाचा परवाना दिला तर चालेल का. बरेच जण हो म्हणतात, कोणी विचारत नाही म्हणून पहिलाच फॉर्म पुढे करतात. आणि स्वीकृतीचा मेल आला की त्याच दिवशी ती फाइल वेगळी काढून तिच्या नावात तारीख घाला.